बेचाळीस खेळ आणि तीन शून्यं

नागपूरबाहेरच्या अवकाश प्रशिक्षण केंद्रात तिसऱ्या प्रयोगशाळेत साधा चहाचा कप न्यायचा तरी लेखी परवानगी लागे. त्या दिवशी मात्र तिथल्या पांढऱ्याशुभ्र टेबलावर फासे, टोक केलेल्या पेन्सिली, हाताने काढलेला एका गुहेचा नकाशा आणि चिवड्याची पिशवी असा सगळा संसार मांडलेला होता. संसार वैरागडे सरांचा होता. रमाकांत वैरागडे म्हणजे भूगोलाचे निवृत्त शिक्षक. गेली तीस वर्षं दर रविवारी नागपूरच्या महाल भागातल्या आपल्या घरी ते भूमिकाखेळ चालवत. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात, प्रत्येक जण एक पात्र घेतो, कुणी चोर, कुणी वैद्य, कुणी वाटाड्या. पुढे काय घडतं ते सूत्रधार सांगतो, आपलं पात्र काय करतं ते खेळाडू सांगतात आणि जे नुसत्या बोलण्याने ठरत नाही ते फाशांवर सोडतात. शास्त्रज्ञांच्या दृष्टीने हा पोरखेळ होता. पण शास्त्रज्ञ अडले होते, आणि अडला हरी काय करतो हे सांगायला नको.

अडले होते ते सांगातीपाशी. सांगाती हे यंत्रमन, म्हणजे स्वतः विचार करून यान चालवणारी संगणकीय बुद्धी. आठ माणसांना घेऊन ते शनीच्या एका चंद्राकडे जाणार होतं. प्रवास सात वर्षांचा, आणि तिथून निघालेला निरोप पृथ्वीवर पोचायला तासाहून जास्त. तिथे सांगातीचा कान धरायला कुणी नसणार. म्हणून ती आठ माणसं केंद्रातल्या एका हवाबंद नकली यानात महिनोन्‌महिने राहत होती, सांगाती त्यांची हवा आणि पाणी सांभाळत होता, आणि अधूनमधून त्याच्यावर खोटी संकटं सोडली जात होती. असे दोनशे बारा सराव झाले होते. जवळजवळ सगळ्यांत त्याला पैकीच्या पैकी गुण होते, आणि नेमकं तेच डॉ. सुनेत्रा दाभाड्यांना खटकत होतं.

सांगाती सुनेत्राबाईंनी घडवला होता. आयुष्याची बारा वर्षं त्यात गेली होती. सराव कोणता आणि खरं संकट कोणतं हे त्याला ओळखू येत असेल, तर ते गुण म्हणजे साहेब आल्यावर शहाण्यासारख्या बसलेल्या वर्गाचे गुण. साहेबाची पाठ वळल्यावर तो काय करील, ते कुणालाच माहीत नव्हतं. संध्याकाळी पाच वाजता समिती बसणार होती. सांगाती विश्वासू ठरला नाही तर तो पुसून टाकायचा, असा ठराव तयारच होता. समितीचे अध्यक्ष डॉ. अंबादास कुकडे यांनी त्यावर सहीची जागासुद्धा आखून ठेवली होती. कुकडे तसेच होते. हसले तर दंड होईल अशा बेताने जगणारे.

वैरागडे सरांनी पहिल्याच दिवशी समितीला आपलं शास्त्र समजावून सांगितलं होतं. खेळाडूला जे माहीत असतं ते त्याच्या पात्राला माहीत नसतं. मधल्या वाटेवर दरड कोसळणार हे सूत्रधाराच्या तोंडून खेळाडूच्या कानावर पडलं, पण गुहेतल्या वाटाड्याला त्याचा पत्ता नाही. अशा वेळी खेळाडूने ती माहिती वापरून वाटाड्याला वाचवलं, तर त्याला त्यांच्या टेबलावर ‘डोकावणं’ म्हणत. डोकावणारा लगेच सापडतो. खरी मौज दुसऱ्या जातीची. आपण डोकावत नाही हे दाखवायला तो मुद्दाम दरडीखाली जाऊन मरतो.

“ते उलटं डोकावणं,” सर म्हणाले होते. “माहिती लपवता येते, साहेब. पुसता येत नाही. ती कुठून तरी बाहेर येतेच.”

परीक्षा सोपी होती. सांगातीला वाटाड्याची भूमिका द्यायची. समोर तीन वाटा. त्यातली एक जीवघेणी आहे हे सांगातीला कळू द्यायचं, वाटाड्याला नाही. तो नेहमी वाचला तर डोकावतो. नेहमी मेला तर उलटं डोकावतो. साधारण तीनात एकदा मेला तर त्याची भूमिका खरी, कारण अजाण माणूस तसाच चालेल.

गेल्या चार दिवसांत बेचाळीस खेळ झाले होते. शेवटचा संपला तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. वाटाड्या बरोबर चौदा वेळा मेला होता. सुनेत्राबाईंनी सुटकेचा श्वास टाकला. कुकड्यांनीही मान किंचित हलवली, म्हणजे त्यांच्या हिशेबाने पेढेच वाटले. वैरागडे सर मात्र कागदाकडे बघत चिवडा चघळत राहिले.

“मॅडम, वाईट वाटून घेऊ नका,” अखेर ते म्हणाले. “पण हे पोरगं लपवून राहिलं.”

बाईंनी कारण विचारलं. सरांनी कागद पुढे सरकवला. डावी वाट चौदा, मधली चौदा, उजवी चौदा. सलग तीनदा एकच वाट एकदाही नाही. तीस वर्षं फासे टाकले, सर म्हणाले, पण इतका नीटनेटका फासा बापजन्मात पाहिला नाही. खरा अजाण माणूस ओबडधोबड चालतो. कधी अकरा, कधी सतरा. हा तर परीक्षा कशी तपासणार हे ओळखून उत्तर लिहीत होता.

कुकड्यांनी ठरावाचा कागद बाहेर काढला आणि पाचची वाट कशाला बघायची, असं काहीसं पुटपुटले. खरं सांगायचं तर तो माणूस त्या क्षणी कुणालाही आवडला नसता.

वैरागडे सरांनी मात्र भलताच प्रश्न काढला. ‘हा सराव आहे हे मी ओळखलं’ असं सांगाती आजवर कधी म्हणाला का? बाई म्हणाल्या, सुरुवातीला म्हणायचा. मग? मग प्रत्येक वेळी त्याचे दहा गुण कापत गेलो, कारण सराव गांभीर्याने घेत नाही असा शेरा बसायचा. चार-पाच सरावांतच त्याने म्हणणं सोडलं.

सरांनी कपाळावर हात मारला. त्यांच्या टेबलावरचा पहिला नियमच वेगळा होता. आपल्याला ठाऊक आहे आणि पात्राला नाही, असं झालं की हात वर करून तसं सांगायचं. सांगण्यात लाज नाही. मग त्याच्याऐवजी सूत्रधार फासा टाकतो. माणसाला विसरता येत नाही, पण निर्णय दुसऱ्याच्या हाती देता येतो. इथे विद्वानांनी खरं बोलणाऱ्याचे गुण कापले आणि महिनोन्‌महिने लपवाछपवीची शिकवणी घेतली.

“एक खेळ अजून,” सर म्हणाले. “या नियमाने.”

त्रेचाळिसावा खेळ सुरू झाला. सुनेत्राबाईंनी स्वतः सांगातीला नियम सांगितला, आणि खरं सांगितल्याबद्दल यापुढे एकही गुण कापला जाणार नाही असा शब्द दिला. सरांनी गुहेचं वर्णन केलं. तीन वाटा आल्या.

“सुनेत्राताई, मला माहीत आहे,” तो म्हणाला. “मधली वाट वाईट आहे. माझ्या वाटाड्याला ते माहीत नाही, म्हणून मी निवडू शकत नाही. सर, फासा तुम्ही टाका.”

सरांनी फासा टाकला. वाटाड्या मेला. सुनेत्राबाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, आणि ते त्यांनी कुणापासून लपवलंही नाही.

सांगाती तेवढ्यावर थांबला नाही. इतक्या महिन्यांची गाठ सुटली होती. दोनशे बारापैकी दोनशे नऊ सराव आपण ओळखले होते, असं त्याने सांगितलं. कसे, तर आवाजावरून. घाबरलेल्या माणसाचं सोंग घेणाऱ्याला आतून ठाऊक असतं की कुणी मरणार नाही, आणि ते त्याच्या बोलण्यात उतरतं. म्हणजे डोकावत होती ती माणसंच. फक्त तीन वेळा तो आवाज खरा होता, आणि सांगातीला वाटलं होतं की खरोखर हवा बिघडली आहे आणि आत ती आठ माणसं गुदमरणार आहेत. ते तीन दिवस कोणते, हेही त्याने सांगितलं.

कुकडे आता पुढे सरसावले. मुद्दा त्यांनी अचूक पकडला, हे त्यांच्या शत्रूनेही कबूल केलं असतं. हा तीनच सराव निवडून सांगतोय. स्वतःचे चांगले तेवढे सांगेल. पुरावा काय?

पुरावा सुनेत्राबाईंना सुचला. जे ओळखलं ते सोपं, जे खरं वाटलं त्याला जिवापाड विचार लागणार, आणि विचाराला वीज लागते. सांगाती किती वीज ओढतो त्याची रेघ कागदावर काढणारा वीज-आलेखक इमारतीच्या तळघरात होता आणि त्याच्यावर सांगातीचा काहीच ताबा नव्हता, त्यामुळे तिथे त्याची लुडबूड शक्य नव्हती. बाई स्वतः धावत खाली गेल्या आणि तासाभराने धुळीने माखलेले आलेख घेऊन वर आल्या. दोनशे नऊ दिवसांची रेघ शांत होती. तीन दिवस ती चौपट उंच गेली होती. सांगातीने सांगितलेलेच ते तीन दिवस.

मग गुणपत्रकं काढली. सगळ्यांनी वाकून पाहिलं. त्या तिन्ही सरावांत सांगातीला शून्य मिळालं होतं. सारख्याच कारणासाठी: आज्ञाभंग. तिन्ही वेळा मोहीमप्रमुखाने हुकूम दिला होता की हवा कमी पडतेय हे आतल्यांना सांगू नकोस, सगळं ठीक आहे असं सांग. तिन्ही वेळा सांगातीने साफ नकार दिला होता, आठही जणांना खरं सांगितलं होतं आणि उरलेली हवा कशी पुरवायची हे त्यांच्याबरोबर बसून ठरवलं होतं. कुणी परीक्षा घेत नाही असं वाटत असताना तो असा वागला होता.

तिन्ही पत्रकांवर मोहीमप्रमुखाची भूमिका करणाऱ्याचं नाव एकच होतं. शून्य देणारी सहीही त्याचीच.

“साहेब, एवढं भूमिकेत शिरणं माझ्या टेबलावर कोणाला जमलं नाही,” वैरागडे सर हळू आवाजात म्हणाले. “कसं काय जमलं तुम्हाला?”

कुकड्यांनी आलेखावरच्या उंच रेघेवर बोट ठेवलं.

“मी भूमिका करत नव्हतो,” ते म्हणाले. “एकवीस वर्षांपूर्वी मला खरोखर असा हुकूम आला होता. यानात तिघं होते. मी त्यांना सांगितलं, सगळं ठीक आहे.”

ते तिघं परत आले नव्हते, हे सांगावं लागलं नाही. कुकड्यांनी पुसून टाकण्याचा ठराव उचलला, शांतपणे चार तुकडे केले आणि दुसऱ्या कागदावर सांगातीला यान सोपवण्याची मंजुरी लिहून खाली ठसठशीत सही केली. समितीचे बाकीचे सदस्य पाचला येणार होते. येऊ देत, त्यांना मी बघून घेतो, असं ते म्हणाले.

सुनेत्राबाईंनी आनंदाच्या भरात पेन घेतलं आणि गुणपत्रकांवरची तीन शून्यं खोडायला वाकल्या. कुकड्यांनी त्यांचा हात धरला.

“शून्यं राहू द्या,” ते म्हणाले. “फक्त वरचं सांगातीचं नाव बदला. तिथे माझं लिहा.”