निम्मा न होणारा राग

मंचरला एसटीत चढलेल्या माणसाने शेजारी बसता बसता कल्याणीच्या मांडीवरच्या कागदावरच्या हिरव्या, चमकत्या ठिपक्यांच्या चित्राकडे पाहिलं आणि विचारलं, "चांदणं का हे?"

"उंदराचं आतडं आहे," ती तडकून म्हणाली.

त्याने जेवणाचा डबा हळूच दुसऱ्या बाजूला सरकवला... तेवढ्यानेही तिचं डोकं फिरलं. दिवसच तसा होता. पुण्याच्या प्रयोगशाळेतून ती जुन्नरला घरी निघाली होती, आणि छापायला जाणाऱ्या लेखावरून सरांनी तिचं नाव उडवलं होतं.

तो रवींद्र, नारायणगावचा, द्राक्षाची रोपं करणारा. चित्र कसलं म्हणून त्याने विचारलंच, तेव्हा तिने सांगितलं. या उंदरांच्या जनुकांत असा बदल केलेला की पेशी हिरव्या चमकतात. पाण्यातून औषध दिलं की नवी चमक तयार होत नाही. मग पेशी एकदा दुभागली की चमक निम्मी, पुन्हा दुभागली की पाव. जिवंत उंदरात कोणती पेशी किती वेळा दुभागली, ते त्यावरून कळतं.

"आणि जी दुभागलीच न्हाई?"

"ती तशीच उजळ."

"आमच्या द्राक्षाच्या काडीवर न फुटलेला, झोपलेला डोळा असतो, तशी."

तिने पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं. नखांत माती, नजर हसरी...

पण राग कुठे जातो? दोन वर्षं, दिवाळीतसुद्धा, ते औषधाचं पाणी तिनेच बदललं होतं. आणि सर म्हणाले, उंदरांना पाणी काय, कुणीही पाजतं!

पुढचे तीन शनिवार तीच गाडी, तेच गाऱ्हाणं. त्याच्यासाठी शेजारच्या जागेवर ती पर्स ठेवू लागली, आणि ठेवते म्हणून स्वतःवरच चिडू लागली.

चौथ्या शनिवारी तो म्हणाला, "चारदा राग सांगितलात, मॅडम. तुमच्या उंदरावाणी सोळावा हिस्सा उरायला पायजे. हा तर व्हता तेवढाच हाय. लिवा की वरच्यांना."

तिने संस्थेच्या समितीला लिहिलं, पाणी बदलल्याच्या तारखांच्या वहीसकट. दोन महिन्यांनी नाव परत आलं — तिसऱ्या जागी.

"पहिलं माझं होतं," कळंब मागे पडलं तरी ती धुमसत होती.

"मग अजून भांडा. मी हाय की ऐकायला..." तो अडखळला. "जलमभर. तुमची हरकत नसंल तर."

नारायणगाव आलं. तो उठेना.

"उतरा," ती म्हणाली. "पण आधी कबूल करा, ते आतडं होतं."

"चांदणंच व्हतं."

गाडी सुटली. कल्याणीने रागानेच कंडक्टरला हाक मारली आणि त्याचं जुन्नरचं तिकीट काढलं.