ताईच्या वाटचा श्वास

संध्याकाळच्या कार्यक्रमाआधी सभागृहात उभं राहायच्या फळ्या मांडायचं काम धाकटीकडे होतं. ती लवकर आली, फळ्या पुसल्या, गाण्याच्या कागदांचे स्टँड लावले आणि या हंगामातल्या सवयीप्रमाणे आपल्या डाव्या हाताला एका माणसाची जागा मोकळी सोडली.

हा गायकवृंद तसा हौशी मंडळींचा. एक शिंपीणबाई, एक बँकेतला कारकून, एक दाताचा डॉक्टर, ज्याच्यासमोर तोंड उघडायला बाकीचे अजूनही कचरत. पण गायचे ते जीव ओतून. जुनी, चार-पाच आवाजांत विणलेली प्रेमगीतं, आणि साथीला एकही वाद्य नाही. वाद्याचा आधार नाही म्हणून माणसाचाच आधार. गाणी बसवणाऱ्या मास्तरांचा नियम असा, की लांब सुरावर शेजारच्याबरोबर श्वास घ्यायचा नाही. एकाने श्वास घ्यायचा तेव्हा दुसऱ्याने सूर धरायचा, आणि पहिला सुरात परत आल्याशिवाय सोडायचा नाही. ऐकणाऱ्याला वाटावं, ही माणसं श्वासच घेत नाहीत.

बायकांतला सगळ्यात खालचा आवाज धाकटीचा आणि तिच्या ताईचा होता, दोघींचाच. लहानपणापासून दोघी एकमेकींच्या श्वासावर गायल्या. कधी ठरवावं लागलं नाही. तीच ताई हिवाळ्यात न्यूमोनियाने गेली. धाकटी औषध आणायला हॉस्पिटलाच्या खाली उतरली, तेवढ्यात ताई गेली. धाकटीला ताई गेल्याचं दुःख होतंच, पण आपण परत येईपर्यंत ती थांबली नाही याचं त्याहून जास्त होतं. आयुष्यात एकदाच ताईने नियम मोडला होता.

तेव्हापासून दर कार्यक्रमात शेवटचा सूर धाकटीपाशी तुटायचा. सवयीने ती श्वास घ्यायची आणि शेजारी कुणीच नसायचं.

मास्तर आले. मोकळी जागा पाहून त्यांनी चष्मा काढला.

"रांग जवळ घे, बाळ. शिंपीणबाईंना तुझ्या आवाजात घेतो. त्या सांभाळतील."

"आज राहू दे ना, मास्तर."

"दर वेळी तुझं आज राहू दे! मलाही ती मुलीसारखीच होती गं. पण आज सूर तुटला, तर पुढच्या हंगामात तुला उभं करणं मला जमायचं नाही."

धाकटीने रांग जवळ घेतली नाही. ताई कुठे उरली असेल तर या फळीवरच उरली होती. इथून निघावं लागलं तर ती दुसऱ्यांदा जाणार होती.

सभागृह भरलं, दिवे मंदावले. गाणी एकामागून एक झाली. मग शेवटचं गाणं, आणि त्याचा तो लांब, हळू शेवट. धाकटीची छाती रिकामी होत आली. तिने नेट लावला, पण शरीर कुणाचं ऐकतं? तिने श्वास घेतला.

सूर तुटला नाही.

डावीकडे, अगदी खांद्याशी, कुणीतरी तो धरला होता. किंचित नाकातला, ओळखीचा आवाज. हॉस्पिटलातल्या चादरींचा वास आला. धाकटीने वळून पाहिलं नाही. डोळे भरून आले, तरी ती सुरात परतली. आता तुझी पाळी, ताई, घे श्वास, असं ती मनात म्हणत राहिली. ताईने घेतला नाही. धाकटीने पुन्हा घेतला, पुन्हा परतली. ताईने घेतलाच नाही. तेव्हा धाकटीच्या लक्षात आलं. ताईला श्वास लागतच नव्हता.

मास्तरांनी मूठ मिटली. सगळे थांबले, धाकटीही थांबली.

तो एक आवाज चालूच राहिला.

"अगं, पुरे... थांब..." उजवीकडून शिंपीणबाई कुजबुजल्या. मग त्यांनी धाकटीच्या मिटलेल्या ओठांकडे पाहिलं, आणि त्या भिंतीपर्यंत मागे सरकल्या.

धाकटीला आता कळलं. ताई तिच्यासाठी थांबली होती. त्या दिवशी जमलं नाही, म्हणून आता थांबली होती, आणि धाकटी परत आल्याशिवाय सोडणार नव्हती. आपण सूर उचलला की ती सुटणार, जाणार. धाकटीला ते नको होतं, अजिबात नको होतं. पण आवाज थरथरायला लागला होता. दमलेल्या ताईचा आवाज असाच थरथरायचा.

"सोड, ताई..." ती पुटपुटली. "मी आले..."

आणि तिने सूर उचलला. शेजारचा आवाज थांबला.

मग शेजारी श्वास ऐकू आला. आत ओढला जाणारा, खोल, हिवाळ्यापासून अडून राहिलेला. तो संपेचना. मास्तर दोन्ही हातांनी थांब, थांब अशी खूण करत होते. धाकटीच्या डोळ्यांपुढे अंधारी आली, तरी तिने सूर सोडला नाही. ताई अजून सुरात परत आली नव्हती. समोरच्या स्टँडवरचं गाण्याचं पान हळूहळू मोकळ्या जागेकडे वाकलं, आणि तसंच वाकून राहिलं.