मागच्या रांगेचा प्रयोग

इंजिन बंद कर, निखिल. धुकं विरल्याशिवाय गाडी हलवायची नाही. रास अल खैमाहून शारजाला जायला एरवी तास पुरतो, पण या रस्त्यावर धुक्यात घाई केलेली माणसं मी पाहिली आहेत. पंपावर चहा मिळतोय, कराक घेऊन ये तिघांना. मुग्धा, काच वर घे.

तोवर एक सांगतो. झालेली गोष्ट आहे. माझ्यासमोर नाही घडली, माझा रूम पार्टनर होता रॉयडन, त्याच्यासमोर घडली. रॉयडन तुस्कानो, वसईचा. तिकडे नाटकांना लाइट करायचा. इथे हॉटेलांच्या इव्हेंटमध्ये लागला. आम्ही दोघं बर दुबईला एका फ्लॅटमध्ये राहायचो. मी ऑफिसातला माणूस, तो रात्रीचा पक्षी, पण जमायचं. रॉयडन थापा मारणारा नव्हता. उलट त्याच्याकडून चार वाक्यं काढायला अर्धा तास लागायचा.

दोन हजार सातमध्ये तो रास अल खैमाला गेला. तिथे एका कंपनीने नवं थिएटर बांधायला घेतलं होतं, समुद्राजवळ, आजूबाजूला नुसती वाळू. आत संगीत नाटक होणार होतं, मोठं, इंग्लिश. एका दीपगृहाची राखण करणाऱ्या विधवेची गोष्ट. मुख्य काम करायला ऑस्ट्रेलियाहून एक बाई आणल्या होत्या. हेदर त्यांचं नाव.

हेदर बाईंचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. मेलबर्नच्या बाहेर कुठल्याशा गावात त्यांचे वडील मेंढ्यांची लोकर कातरायचे. एकोणिसाव्या वर्षी ही मुलगी शहरात आली ती नाटकात मागे नाचणाऱ्या पोरींत उभी राहिली. आवाज असा, की दोन वर्षांत तिला मोठ्या भूमिकेसाठी बदली म्हणून घेतलं. बदली म्हणजे सगळं पाठ करायचं, गाणी बसवायची, कपडे मापाचे शिवून घ्यायचे आणि रोज विंगेत उभं राहायचं. मुख्य नटी आजारी पडली तर आत जायचं. अकरा वर्षं त्या उभ्या राहिल्या. अकरा वर्षांत नटी दोनदा आजारी पडली. त्यातल्या एकदा मध्यंतरानंतर बरी झाली.

मग क्रूझवर गाणी म्हटली, सिंगापूरच्या हॉटेलात म्हटली. लग्न झालं, मोडलं. सत्तेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा त्यांचं नाव पोस्टरवर सगळ्यात वर आलं, ते इथे, या वाळूत.

आणि दोन हजार आठचा क्रॅश आला.

तुम्ही लहान होता. कर्ज फेडता येईना म्हणून लोक एअरपोर्टच्या पार्किंगमध्ये गाड्या टाकून मायदेशी जायचे. कंपनीचे गोरे साहेब आधी गेले, मग वाजवणारे, मग नाचणाऱ्या मुली. थिएटर नव्वद टक्के झालेलं. खुर्च्या लागल्या होत्या, त्यांच्यावरचं प्लास्टिकसुद्धा निघालेलं नव्हतं. नाटक खलास. हेदर बाईंचा व्हिसा कॅन्सल झाला, सत्तावीस फेब्रुवारीच्या पहाटेचं दुबईहून तिकीट हातात दिलं.

सव्वीस फेब्रुवारी, दोन हजार नऊ. गुरुवार. त्या सोमवारी महाशिवरात्र झाली होती आणि बुधवारी अमावास्या संपली होती, म्हणून मला पक्कं आठवतं.

रॉयडनला मॅनेजरने साधं काम सांगितलं होतं. रास अल खैमाला जा, लाइटचं कंट्रोल डेस्क सोडव, गाडीत घाल, थिएटरला कुलूप लाव आणि किल्ल्या शुक्रवारी सकाळी आणून दे. येताना हेदर बाईंना घेऊन ये, एअरपोर्टला सोड. वीज महिनाअखेरपर्यंत चालू होती. तीन तासांचं काम.

तो संध्याकाळी सहाला पोचला. बाई थिएटरच्या पायरीवर बॅग घेऊन बसल्या होत्या. काळा साधा ड्रेस, केस घट्ट बांधलेले. त्याला वाटलं, निरोप घ्यायला आल्यात. त्या म्हणाल्या, डेस्क आत्ता सोडवू नकोस. आज आठ वाजता आपला पहिला प्रयोग ठरला होता. तो मी करणार आहे.

रॉयडनने त्यांना समजावलं. वाजवणारे नाहीत, दुसरी पात्रं नाहीत, मॅनेजरला कळलं तर माझा व्हिसा जाईल. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाल्या,

"तीस वर्षं मी कोणीतरी आजारी पडायची वाट बघितली, रॉयडन. आज वाट बघायची नाहीये."

रॉयडन दाराकडे वळला.

दारावर वॉचमन होता, पठाण, गुलबाज खान. साठीचा माणूस. त्याने दार उघडलं, पण उंबऱ्याच्या आत पाय ठेवला नाही. मगरिब के बाद मैं अंदर नहीं जाता, म्हणाला, म्हणजे सूर्य मावळला की नाही. का, तर आत खुर्च्या वाजतात. त्या स्प्रिंगच्या खुर्च्या, बसलं की खाली, उठलं की आपोआप वर. रात्री त्या खाली होतात, असं त्याचं म्हणणं.

रॉयडन हसला. मग गुलबाजने सगळं सांगितलं. सिमेंटची जमीन घालून त्यावर त्या खुर्च्या बसवणारी एक टोळी होती. इंजिनीअरने त्यांना शब्द दिला होता की पहिल्या प्रयोगाला तुम्हाला सगळ्यात मागच्या रांगेत बसवीन. गरिबांनी त्या रांगेचे बोल्ट जरा जास्तच आवळले होते. आणि डिसेंबरात काम बंद झालं. एका पहाटे सगळ्यांना बसमध्ये भरून एअरपोर्टला पाठवलं. असंच धुकं होतं. बस उभी असताना मागून ट्रेलर आला.

त्या टोळीतले सात गेले. याच रस्त्यावर.

रॉयडनने बाईंना हे भाषांतर करून सांगितलं. त्याला वाटलं, आता त्या नको म्हणतील.  त्या उठल्या आणि म्हणाल्या, "मग तर आता रद्द करताच येणार नाही."

आणि आत गेल्या.

रॉयडनही गेला. मी त्याला नंतर विचारलं होतं, तू का गेलास? तो म्हणाला, राजन, दिलेला शब्द मोडून सगळे पळाले होते. कोणीतरी आत जायला नको?

लाइटचं डेस्क हॉलच्या अगदी मागे. त्याच्या पुढे हातभर अंतरावर शेवटची रांग. त्याने डेस्क चालू केलं. आठ वाजले. आपल्याकडे तिसऱ्या घंटेशिवाय नाटक सुरू होत नाही, ही त्याची वसईची सवय. घंटा नव्हती. त्याने पाना घेतला आणि लोखंडी पाइपवर एकदा वाजवला. थांबला. दुसऱ्यांदा वाजवला. थांबला. तिसऱ्यांदा.

मग हॉलचे सगळे दिवे घालवले.

स्टेजवर एकच गोल उजेड. त्यात हेदर बाई. मागे ना पडदा, ना सेट, उघड्या पाइपा. त्यांनी गायला सुरुवात केली. पेटी नाही, तबला नाही, काही नाही. नुसता आवाज. रॉयडन म्हणायचा, मी दीड वर्ष तालमी ऐकल्या होत्या, पण हा आवाज त्यांनी राखून ठेवला होता.

पहिलं गाणं झालं. दुसरं सुरू झालं.

खट्.

रॉयडनने मान वळवली. काही नाही. लाकूड आवाज करतं, एसी बंद असला की करतं.

खट्.

डावीकडून. त्याच्या पुढच्याच रांगेतून.

खट्... खट्.

त्याने मोजायचं नाही असं ठरवलं. पण मोजलंच. पाच झाले. सहावा आवाज मधून आला.

मग बराच वेळ काहीच नाही.

मग सातवा. त्याच्या अगदी समोर. इतक्या जवळ, की वारा गुडघ्याला लागला.

त्याचे हात डेस्कवर होते, ते तिथेच राहिले. पळायचं म्हटलं तर दार त्या रांगेच्या पलीकडे. त्याला वास येत होता. घामाचा, आणि ओल्या मातीसारखा कसला तरी. कोणी श्वास घेत नव्हतं. तेच वाईट होतं, तो म्हणायचा. सात माणसं बसली की श्वास ऐकू येतो. इथे काहीच नाही...

स्टेजवरचा आवाज थांबला.

बाईंनीही ऐकलं होतं. त्या उजेडात उभ्या, समोर सगळा अंधार.  रॉयडनला वाटलं आता त्या किंचाळतील, मग मीही किंचाळेन, मग सुटू.

त्या म्हणाल्या, "रॉयडन, मागच्या रांगेवर थोडा उजेड दे."

त्याला नको होतं ते बघायला. तरी त्याने बटण सरकवलं.

सात खुर्च्या खाली होत्या. वर कोणी नाही. पण प्लास्टिक दबलेलं होतं. सातही जागी. आणि एका जागी ते हळूच हललं. जसं कोणी सावरून बसावं...

बाई दोन पावलं पुढे आल्या. स्टेजच्या कडेपर्यंत.

"तुम्ही मला दिसत नाही," त्या म्हणाल्या. "मी तुम्हाला दिसतेय ना?"

सातही खुर्च्यांवरून त्यांनी नजर फिरवली.

"तुम्ही उशिरा आलात. तुमची चूक नाही. मी पहिल्यापासून सुरू करते."

आणि त्यांनी पहिल्यापासून सुरू केलं.

पुढचे दोन तास रॉयडनला नीट सांगता यायचे नाहीत. बाईंनी सगळ्यांची कामं एकट्यांनी केली. नावाड्याचं गाणं म्हटलं, मुलीचं म्हटलं, वादळ आलं तेव्हा पायांनी फळ्यांवर वादळ वाजवलं. एक वेळ अशी आली की रॉयडनची भीती कुठे गेली ते त्याला कळलं नाही. त्याला एवढंच कळत होतं की उजेड चुकता कामा नये. मधेच मॅनेजरचा फोन आला, खिशात थरथरत राहिला. त्याने फोन बंद करून टाकला.

शेवटचं गाणं संपलं. बाईंनी वाकून नमस्कार केला, पूर्ण, खाली, भरल्या थिएटरला करतात तसा.

टाळ्या नाहीत. आवाज नाही.

आणि सगळे दिवे गेले. रॉयडनने घालवले नव्हते.

खट्. खट्. खट्... सात.

ते उठले होते.

मग पावलं. जड बुटांची. रॉयडनच्या बाजूने, मधल्या वाटेने... खाली. स्टेजकडे. सावकाश. त्याला ओरडून सांगायचं होतं, मॅडम, पळा. 

पावलं स्टेजवर चढली.

थांबली.

किती वेळ, माहीत नाही. अंधारात फक्त बाईंचा श्वास. त्या हलल्या नाहीत. एक पाऊलसुद्धा मागे घेतलं नाही त्यांनी...

मग दिवे आले. स्टेजवर त्या एकट्या. गाल ओले, मान ताठ. चल, म्हणाल्या, माझं विमान आहे.

पुढचं आधी सांगून टाकतो. रॉयडनची नोकरी गेली. डेस्क त्याने सोडवलंच नाही, किल्ल्या गुलबाजच्या हातात देऊन आला. दोन महिने माझ्याच खोलीवर बसून होता, मग शारजात काम लागलं. तो म्हणायचा, परत वेळ आली तर परत तेच करीन. हेदर बाईंना घरी गेल्यावरही कोणी मोठं काम दिलं नाही. म्हणून त्यांनी कोणाला मागितलंच नाही. तेच नाटक एकट्यांनी घेऊन गावोगाव हिंडल्या, शाळांच्या हॉलमध्ये, लोकरीच्या शेडमध्ये. अजून करतात. साठीच्या पुढे गेल्यात. गेल्या नाताळला रॉयडनला त्यांचा मेसेज आला होता, एकशे नव्वदावा प्रयोग झाला म्हणून.

आता तू म्हणशील, निखिल, काका, दिस इज ऑल इन हिज हेड. मीही तेच म्हणालो असतो. पण त्या रात्री एअरपोर्टला जाण्याआधी दोघं आमच्या खोलीवर आले. रात्रीचा एक वाजून दहा मिनिटं. मी दार उघडलं. रॉयडन पांढराफटक. बाई माझ्याकडे बघून हसल्या, पाणी मागितलं आणि आत वळल्या.

त्या काळ्या ड्रेसवर, पाठीवर, उजव्या खांद्याच्या खाली, हाताचा पंजा उमटलेला होता. शाबासकी देताना ठेवतात तसा. पाचही बोटं.

मी त्यांना विचारून बोट लावून पाहिलं.

सिमेंट होतं.

ओलं.