कावळ्याच्या पायाची करणी

"रॉकेलची बाटली तू आन, बोळा मी आनते!" मुक्ता म्हणाली.

"आन् करनी लागली म्हंजे?" तिचा चुलतभाऊ श्रीमंत दोन पावलं मागे सरला.

"लागली तर आदी मला लागंल, भित्र्या!"

त्र्याहत्तरची उन्हाळी सुट्टी, त्यात दुष्काळ. चार दिवस काष्टीच्या शिवारात धोंड्यांवर तांबडे कावळ्याचे पाय उमटत होते. गावानं लगेच ठरवलं, ही बायडाबाईची करणी! एकटी, फटकळ म्हातारी, आयतीच सापडली. तिला विहिरीवर पाय ठेवू देत नव्हते. या दोघांनी चोरून नेलेल्या तांब्याभर पाण्यावर ती कशीबशी तगली होती, आणि आज दुपारी चावडीत तिला गावाबाहेर काढायचं ठरणार होतं. शरम कशी वाटत नाही या मोठ्या माणसांना!

मुक्ताच्या डोक्यात किडा सोडला होता राधाकृष्ण गुरुजींनी. "जर्मन लोक जादूला 'त्साउबर' म्हणतात," त्यांनी काल सांगितलं होतं. "जुन्या इंग्रजीत त्याच शब्दाच्या भावंडाचा अर्थ तांबडा रंग! तिकडं दगडात अक्षरं कोरून त्यात तांबडा रंग भरायचे. त्या अक्षरांचं नाव 'रून', म्हणजे मुळात गुपित. ज्याला वाचता येत नाही, त्याला ती जादूच! त्या तांबड्या रंगावरूनच 'त्साउबर' शब्द आला असावा, असा पंडितांचा तर्क आहे."

"मग आपल्या धोंड्यांवरचंबी कुनाला तरी वाचता येत आसंल," मुक्ता आता म्हणाली. "पुसलं की त्याचं आडंल. मग येतोय बघ धावत!"

ओढ्याकाठचा कावळ्याचा पाय रॉकेलनं साफ निघाला. श्रीमंत धावत जाऊन सूर्यभान पाटलांना घेऊन आला. पाटील कुरकुरले, पण दोघांसोबत बाभळीमागे दडून बसले.

तासाभरात तांबड्या रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन आले ओव्हरसियर काकासाहेब! दुष्काळी कामाच्या रस्त्याची आखणी करणारे, रोज चावडीत चहा ढोसणारे.

"कुठल्या गाढवानं माझी रस्त्याच्या उंचीची खूण पुसली? सगळी लेव्हल बोंबलली!"

"तुमची खून?" पाटील ताडकन बाहेर आले. "चावडीत बसून समदं ऐकलंत, आन् त्वांड उघडलं न्हाई?"

काकासाहेबांचा चेहरा उतरला. "या खुणांची दवंडी द्यायची राहून गेली. मग म्हटलं, आता बोललो तर माझ्यावरच शेकेल..."

"म्हनून म्हातारीवर शेकू दिलंत?" मुक्ता कडाडली.

दुपारी चावडीत पाटलांनी दोघांची पाठ थोपटली. "पोरं लई हुशार! आमचं डोळं उघडलं. बायडाबाई, आमचं चुकलं."

बायडाबाईनं रिकामी घागर त्यांच्या पुढ्यात आदळली. "त्वांडानं न्हाई भागायचं. आदी ही भरून आना. सोता!"

पाटलांनी घागर उचलली. काकासाहेब मागच्या मागे सटकायला निघाले, तर दारातच मुक्ता उभी होती, दुसरी घागर घेऊन!