दोन मुळांचं हृदय

त्या काळी मिरजेत कोणी आजारी पडलं की शेजारीपाजारी विचारत, "मग, कुठवर मागे जाणार?" गुडघा झिजला की माणूस दहा वर्षांपूर्वीच्या गुडघ्यावर मागे जाई. कावीळ झाली तर कावीळ होण्याआधीच्या यकृतावर. चार दिवस आरोग्यशाळेत काढायचे, कृष्णेकाठच्या बागेत फिरायचं आणि जुनं शरीर नव्यासारखं करून घरी यायचं. औषधांची दुकानं होती, पण त्यांत आता साबण आणि दंतमंजनच जास्त खपे.

हे जिच्यामुळे शक्य झालं होतं तिला सहस्मृती म्हणत. लोक लग्नाच्या वाढदिवसाला एकमेकांना सहस्मृती भेट देत, इतकी ती अंगवळणी पडली होती.

वेणूताई खरात मात्र तिच्या वाटेला गेल्या नव्हत्या. सगळी नोकरी त्यांनी मुलींच्या शाळेत भूगोल शिकवण्यात घालवली होती. कोणी आग्रह केला की म्हणत, "नदी कधी मागे जाते का? मग मी कशाला जाऊ?" पण सत्तरीला टेकता टेकता त्यांचं हृदय थकलं. जिना चढताना मधल्या पायरीवर बसावं लागे. पूर्वी एकदा त्यांना हृदयविकाराचा मोठा झटका येऊन गेला होता, आणि त्यातून त्या कशा बऱ्या झाल्या याचं तेव्हाच्या डॉक्टरांनाही नवल वाटलं होतं. या वेळी तसं नवल होईल अशी चिन्हं नव्हती.

"ताई, किती हट्ट करशील?" धाकटी बहीण नलू वैतागून म्हणाली. नलूने काही वर्षांपूर्वीच सहस्मृती बसवून घेतली होती आणि आता ती दंडोबाचा डोंगर न थांबता चढायची. "तुझं काय जाणार आहे त्यात?"

वेणूताईंचे यजमान भास्करराव जिन्याच्या मधल्या पायरीवर बायकोशेजारी नुसते बसून राहिले. त्या बसण्यानेच वेणूताई विरघळल्या.

आरोग्यशाळेतल्या डॉक्टर शबाना मुकादम सहस्मृती बसवण्यात मुरलेल्या होत्या. समोर शिक्षिका आहे म्हटल्यावर त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

"तुम्ही बहिणी किती, वेणूताई?"

"चौघी."

"आईचा मसाला कोणाकडे आहे?"

"चौघींकडेही."

"आणि मूळ कोणाकडे?"

वेणूताई घोटाळल्या. "मूळ असं… आई तर गेली. चौघींकडे आहे तो मूळच की. नलू दगडफूल जास्त घालते, थोरली मिरची कमी करते. भेटलो की सांगतो एकमेकींना."

"एकीचा बिघडला तर?"

"दुसरीला विचारते."

"झालं! यालाच सहस्मृती म्हणतात." डॉक्टर हसल्या. "तुमच्या प्रत्येक पेशीत सबंध शरीराचा मजकूर आहे. अमुक एका पेशीत मूळ प्रत आणि बाकीच्यांत नकला, असं नाही. पण पेशी मुक्या असतात. एकीचा मजकूर झिजला, खराब झाला, तरी ती शेजारणीला विचारत नाही, तशीच रेटत राहते. म्हातारपण ते हेच. आम्ही पेशींना एकमेकींशी बोलायला शिकवतो. प्रत्येकीला आपल्यात झालेला प्रत्येक बदल नोंदवायला लावतो. मग त्या मजकूर ताडून पाहतात. एकीचं झिजलं असेल ते दुसरीकडे शाबूत असतं. सगळ्यांचं मिळून जे निघतं ते तुमचं धडधाकट रूप. या पहिल्या जुळणीला आम्ही सांधणी म्हणतो."

"आणि दोघींनी एकाच जागी वेगवेगळं लिहिलं असलं तर?"

"त्याला तंटा म्हणतात. बहुतेक तंटे पेशी आपसांत मिटवतात. एखादा अगदीच अडला तर तो माझ्या पडद्यावर येतो."

वेणूताईंना टोचण्या दिल्या गेल्या. औषधातून शरीरभर पसरलेले, बदल नोंदवणारे सूक्ष्म लेखनिक पेशीपेशीत जाऊन बसले. सांधणी सुरू झाली, आणि हृदयापाशी येऊन थांबली.

डॉक्टरांना वाटलं, मापकात बिघाड असेल. मापक बदलला. पुन्हा थांबली. नमुन्यात दुसऱ्या कोणाचं रक्त मिसळलं असेल, म्हणून नवा नमुना घेतला. लेखनिकांची ती खेपच सदोष असेल, म्हणून दुसऱ्या कुपीतले सोडले. यकृत, मूत्रपिंडं, हाडं सगळं भराभर सांधलं जाई आणि हृदयापाशी पडद्यावर तीच ओळ उमटे : "दोन मुळं आढळली. दोन्ही इतिहास वेगळे आहेत. कोणता ठेवू?"

शेवटी डॉक्टरांनी यंत्राला दोष देणं सोडलं आणि ते काय सांगतंय ते वाचायला घेतलं. दुपारी त्या वेणूताईंच्या खोलीत आल्या. भास्करराव संत्रं सोलत होते.

"काका, जरा थुंकी द्याल का या नळीत?"

"मला काय झालंय?"

"काही नाही. मला एक पडताळायचंय."

परत आल्या तेव्हा त्या उभ्याच राहिल्या. "वेणूताई, तुमच्या हृदयात काही पेशी तुमच्या नाहीत. त्यांचा निम्मा मजकूर तुमचा आहे." मग त्या भास्कररावांकडे वळल्या. "आणि निम्मा तुमचा. तुम्हाला मुलगी आहे का?"

भास्कररावांच्या हातातली संत्र्याची फोड तशीच राहिली.

मुलगी होती, त्यांनी सांगितलं. इरावती नाव तिचं. मंगळाकडे निघालेल्या एका मालवाहू यानावर ती यंत्रज्ञ होती. अर्ध्या वाटेत यान मुकं झालं आणि पुन्हा बोललं नाही. ते अजूनही सूर्याभोवती फिरत असणार, असं कंपनीचा माणूस घरी येऊन सांगून गेला होता. गोळा करायला अस्थी नव्हत्या, नदीत सोडायला राख नव्हती. पृथ्वीवर तिचं काही म्हणता काही उरलं नव्हतं. त्यानंतर महिन्याभरातच वेणूताईंना तो मोठा झटका आला होता.

"बाळ पोटात असतं तेव्हा वारेतून त्याच्या थोड्या पेशी आईच्या रक्तात उतरतात," डॉक्टर हलक्या आवाजात सांगू लागल्या. "हे शास्त्राला पूर्वीपासून ठाऊक आहे. मुलगा असला तर त्या पेशी सहज ओळखू येतात, कारण पुरुषाची खूण आईत एरवी सापडत नाही. मुलीच्या मात्र आईच्या गर्दीत मिसळून जातात. इरावतीच्या काही पेशी तुमच्या हाडांच्या गाभ्यात राहिल्या. तुमचं हृदय फाटलं तेव्हा शरीराने मदतीसाठी हाक दिली, आणि त्या तिथे गेल्या. तुम्ही त्या वेळी कशा वाचलात ते कोणाला कळलं नव्हतं ना? आता कळलंय."

त्यांनी पडदा वेणूताईंकडे फिरवला. त्यांचंच हृदय, त्याच क्षणाचं. वेणूताईंच्या पेशी जांभळ्या दाखवल्या होत्या आणि त्या जांभळ्या रानात, जिथे एके काळी जखम होती तिथे, पडद्यावर तळहाताएवढा दिसणारा केशरी पट्टा होता. जांभळं आकसत होतं तेव्हाच केशरीही आकसत होतं. कुठेही खंड नव्हता.

वेणूताई किती तरी वेळ बघत राहिल्या. इतकी वर्षं त्या गच्चीवर जाऊन आकाशात बघत होत्या.

"हे… जिवंत आहे?"

"पूर्ण जिवंत. पण एक सांगते ताई, खोटी आशा नको. या पेशी ती जन्मण्याआधीच्या. त्यांत तिच्या आठवणी नाहीत, तिचं बोलणं नाही."

"असू दे," वेणूताई म्हणाल्या. "जन्मण्याआधीची तर ती फक्त माझ्याच ओळखीची."

भास्करराव उठून आले. त्यांनी डॉक्टरांकडे पाहिलं. "आणि बापाकडे काय येतं?"

"काही नाही, काका. तिकडे जायला वाट नसते."

मग भास्कररावांनी कोरड्या आवाजात विचारलं, "आता पुढे काय?"

डॉक्टरांनी सगळं उघड करून सांगितलं. सहस्मृतीला एकच मूळ चालतं. केशरी पेशी पुसून टाकायच्या, त्या जागी वेणूताईंच्याच पेशी वाढवायच्या, हा सोपा मार्ग होता. त्यात धोका जवळजवळ नव्हता. नाही तर सहस्मृती बसवायचीच नाही. मग हृदय फार दिवस साथ देणार नव्हतं.

"पुसा," भास्करराव म्हणाले. "मला वेणू हवी."

"अहो!"

"मला दोन्ही मिळत नाहीत ना, मग मी आहे ते धरून ठेवणार! एकदा गेली ती. तिच्यासाठी तूही जाशील, आणि मी काय करू मागे?"

वेणूताईंनी नवऱ्याचा हात धरून आपल्या छातीवर ठेवला. मग भास्कररावांनी मान खाली घातली आणि तिथेच, डॉक्टरांसमोर, बायकोच्या छातीला कान लावला. आयुष्यात कधी चारचौघांत बायकोचा हात न धरलेला तो माणूस डोळे मिटून ऐकत राहिला. मान वर केली तेव्हा ते "पुसा" म्हणाले नाहीत.

"डॉक्टर," वेणूताईंनी विचारलं, "हे शरीर माझंच आहे हे यंत्राला कसं कळतं?"

"कळत नाही. ज्या इतिहासाच्या पेशी जास्त, तोच खरा धरतं."

"आणि दोन्ही खरे, असं सांगितलं तर?"

डॉक्टरांनी पडदा पुन्हा आपल्याकडे वळवला. "सांगता येईल. पण आजवर कोणी सांगितलेलं नाही. दोन्ही मुळं एकाच देहाची, असं मानून सांधणी करावी लागेल. पेशी एकमेकींशी भांडल्या तर हृदयाचा ठेका तुटेल, आणि मग माझ्या हातात काही राहणार नाही."

वेणूताई नवऱ्याकडे बघत होत्या. भास्कररावांनी मान हलवली. हो म्हणून, की तुझं तू ठरव म्हणून, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

"सांगा त्याला," वेणूताई म्हणाल्या. "दोघी एकाच घरच्या आहेत म्हणून."

सांधणी सुरू झाली तेव्हा डॉक्टर मुकादम पडद्यासमोर उभ्याच होत्या. हृदयापाशी ती क्षणभर अडखळली. ठेका एकदा चुकला. भास्कररावांनी खुर्चीचा दांडा घट्ट धरला. मग जांभळ्या-केशरी सीमेवर काहीतरी घडू लागलं. जांभळ्या पेशी आपला झिजलेला मजकूर केशरीकडून तपासून घेत होत्या, जो निम्मा समान होता तेवढाच. बाकीच्याला हात लावत नव्हत्या. केशरी पेशीही तेच करत होत्या. ठेका परत आला, आणि पूर्वीपेक्षा भक्कम आला.

"मी हे यांना शिकवलं नव्हतं," डॉक्टर स्वतःशीच म्हणाल्या.

पावसाळा सरेपर्यंत वेणूताई जिना एका दमात चढू लागल्या. तपासणीला गेल्या तेव्हा केशरी पट्टा रुंदावलेला होता. इरावतीच्या पेशी वयाने तरुण, कमी झिजलेल्या. दुरुस्तीची वेळ आली की सहस्मृती त्यांनाच पुढे करत होती. काही वर्षांत हृदयाचा बराच भाग तिचा असेल, आणि पुढे कदाचित इतरही अवयव. ही बाई कोण, असा प्रश्न उद्या रक्ताच्या तपासणीत उठला तर उत्तर काय द्यायचं, ते डॉक्टरांना माहीत नव्हतं. वेणूताईंना त्याची भीती वाटली नाही. आपण एका फार मोठ्या गोष्टीच्या आत उभ्या आहोत, असं काहीसं वाटलं.

"मग इतर आयांचं काय?" त्यांनी सहज विचारलं. "त्यांचं यंत्र का नाही अडलं?"

डॉक्टरांचा चेहरा उतरला. हे त्यांनी शोधून काढलं होतं, आणि कोणाला सांगितलं नव्हतं. "तुमच्या हृदयात त्या पेशी एकगठ्ठा, लाखोंनी होत्या, म्हणून यंत्राने विचारलं. बाकी बायकांत विखुरलेल्या असतात, फार थोड्या. इतक्या थोड्यांना यंत्र चूक समजतं. पहिल्याच सांधणीत पुसून टाकतं. विचारतसुद्धा नाही."

"परत आणता येत नाहीत? तुमची सहस्मृती काहीच विसरत नाही ना?"

"जे आपलं मानलं तेच ती लक्षात ठेवते, ताई. त्या पेशींची नोंदच झाली नाही."

त्या रविवारी नलू आली. ताईच्या हृदयातल्या इरावतीच्या पेशींबद्दल तिने ऐकलं होतं. आल्या आल्या तिने ताईच्या छातीवर हात ठेवला, इरावतीची धडधड तळव्याला लागताच ती हसली, आणि तिचे डोळे भरून आले. मग ती जवळ सरकली आणि लहान मुलीसारखी कुजबुजली.

"ताई, माझं ते पहिलं बाळ. सातव्या महिन्यात गेलेलं. मला दाखवलंसुद्धा नव्हतं ना त्यांनी… मग तेही माझ्यात असेल, नाही का गं?"

वेणूताईंनी तिचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. त्यांना वाटलं, हो म्हणावं. नलूला कधी कळणारही नव्हतं. पण ती त्यांच्या तोंडाकडे बघत होती, आणि बहिणीपुढे त्यांना कधीच काही लपवता आलं नव्हतं.

"होतं, नलू," त्या म्हणाल्या. "तू सहस्मृती बसवलीस तोवर होतं."

नलूला समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा ती रडली नाही. तिने हात सोडवून घेतला, आपल्याच पोटावर ठेवला आणि कितीतरी वेळ तसाच धरून बसली.

"इतकी वर्षं होतं?" तिने विचारलं. "आणि मला कोणी विचारलंसुद्धा नाही?"