दर रविवारी आठ

"पाणी अजून कच्चं आहे, दीदी. आज मासे नेऊ नका."

हे मी चक्क उडवून लावलं होतं. आता मी तितिरची आई आहे. झोपलेल्या पोरीच्या नाकाखाली बोट धरून श्वास चालू आहे ना, हे दिवसातून तीनदा बघते. पण तेव्हा मी बावीस वर्षांची कुहेली होते, केमिस्ट्री ऑनर्स होते, आणि बागबाजारच्या रविवारच्या बाजारात टबांमागे उकिडवा बसलेला एक मुलगा मला पाणी म्हणजे काय ते शिकवत होता!

बाबा ट्राम कंपनीतून निवृत्त झाल्यापासून दिवसभर टीव्हीवरच्या बातम्यांशी भांडायचे. रक्तदाब वाढला. डोळ्यांना काहीतरी शांत हवं म्हणून काकांनी बंगळूरला जाताना आपली चार फुटी काचेची टाकी आमच्याकडे ठेवली. शुक्रवारी पाणी भरलं आणि रविवारी मी बाजारात.

त्या मुलाच्या टबात केशरी टेट्रा मासे होते... भाताच्या शितापेक्षा जरासे मोठे. शेकडो, आणि सगळे एकदम वळत. उन्हात कुणीतरी पदर झटकावा तसे.

"चाळीस द्या."

"पाणी कधी भरलंत?"

"परवा. औषध घातलंय, क्लोरीन गेलंय."

"क्लोरीन गेलंय हो. पण माशांची घाण पचवणारे जंतू कुठे आलेत अजून?"

"माझं केमिस्ट्री ऑनर्स आहे."

"मग अमोनिया तुमच्या ओळखीचाच असेल," तो म्हणाला. तोंड अगदी साधं, डोळे मात्र हसत होते.

मी रागारागाने चार टब पुढे जाऊन दुसऱ्याकडून चाळीस घेतले.

गुरुवारपर्यंत एकोणचाळीस मेले. बाबा चहाच्या गाळणीने एकेक काढत होते.

पुढच्या रविवारी मी त्याच्यासमोर उभी राहिले. तो म्हणेल, "सांगितलं होतं ना?" म्हणून तयारीत. त्याने एवढंच विचारलं, "एखादा उरलाय का?"

"एक. फिल्टरमागे उभा आहे. खातही नाही."

"एकटा पडलाय. घाबरलाय बिचारा." त्याने पिशवीतून एक काळा, बुळबुळीत, कुबट वासाचा स्पंज काढला. "माझ्या जुन्या टाकीतला आहे, चांगले जंतू भरलेत त्यात. कोणी उरला असेल तर द्यावा म्हणून आणला होता. फिल्टरमध्ये ठेवा, धुवू नका. रोज थोडं पाणी बदला. पुढच्या रविवारपासून दर रविवारी आठ मासे देईन. जास्त नाही."

एका मुलाने मला दिलेली पहिली भेट ती. घरी येईपर्यंत बसमधल्या माणसांनी माझ्याभोवती बरीच मोकळी जागा सोडली होती.

त्याचं नाव सौगत पाखिरा. डोमजूरला घराशेजारच्या शेडमध्ये तो मासे वाढवायचा. दर रविवारी मी जॅमच्या बाटलीत टाकीचं पाणी न्यायची. तो छोट्या नळीत ते ओतून औषधाचे थेंब टाकायचा आणि नळी आभाळासमोर धरायचा. हिरवा रंग म्हणजे अमोनिया, पिवळा म्हणजे पाणी पक्कं. नळी बघायला आम्ही इतकी डोकी जवळ आणायचो, की शेजारचा पोपटांचं दाणापाणी विकणारा बिशूदा खोकायचा.

"सगळे मोजलेत का, ऑनर्स?" हा त्याचा दरवेळचा पहिला प्रश्न.

"मोजले. उद्या त्यांची हजेरी लावू का?"

"लावाच. घोळक्यातला मासा दुखलंखुपलं सांगत नाही. नुसता बाजूला होतो. खाऊ घालताना मोजलं नाही तर कळतही नाही."

तिसऱ्या रविवारी त्याने नळी जरा जास्तच वेळ न्याहाळली. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "जरासा... हिरवट वाटतोय. आठच न्या."

मीही नळीकडे पाहिलं. "हो," म्हटलं, "वाटतोय खरा."

चौथा रविवार झाला. बत्तीस मासे. पाचव्या रविवारी चाळीस पुरे होणार होते, आणि त्यानंतर बागबाजारला यायला माझ्याकडे काही कारण उरणार नव्हतं. आठवडाभर मी कारणं शोधत होते. एकही धड नव्हतं.

पाचव्या रविवारी त्याची जागाच रिकामी होती.

"येईल गं पुढच्या रविवारी," बिशूदा म्हणाला. "जातोय कुठे?"

सौगतला फोन केला. बऱ्याच वेळाने उचलला. "ठीक आहे मी. थोडा ताप. पुढच्या वेळी देतो तुमचे आठ."

एवढंच. सगळे मोजलेत का, हे त्याने विचारलं नाही. ऑनर्सही म्हणाला नाही. फोन ठेवला आणि तशीच निघाले. लाँचने गंगा ओलांडली, हावड्याहून बस धरली, विचारत विचारत शेड गाठली.

तीसेक टाक्यांच्या मधल्या खाटेवर तो पडला होता. त्याची आई बहिणीच्या बाळंतपणाला गेलेली. हातांवर लाल ठिपके, हिरड्यांतून रक्त. मला बघून उठायला गेला आणि उठता येईना.

टोटोत, म्हणजे बॅटरीच्या रिक्षात, घालून इस्पितळात नेलं. डेंग्यू. "आणखी एक दिवस घरी काढला असता तर..." डॉक्टरीणबाईंनी वाक्य तिथेच सोडलं. ते वाक्य मी अजून अधूनमधून पुरं करते.

तो भरती होता तेवढे दिवस मी रोज त्याच्या माशांना खाऊ घालायला डोमजूरला गेले. चौथ्या दिवशी बाबाही आले. "डासांच्या अळ्या माशांना भरवतो म्हणे हा," ते म्हणाले, "डासांनी बरोबर डाव साधला."

तो घरी आल्यावर मी डबा नेला. मागूर माशाचा पातळ रस्सा, झोल, आणि मऊ भात.

"इथे उघडू नका," तो हळूच म्हणाला. "टाक्यांतले बघतायत."

"बघू देत. खा मुकाट्याने."

दोन घास खाऊन त्याने चमचा ठेवला. "ऑनर्स... एक सांगायचं होतं. तिसऱ्या रविवारी नळी पिवळी होती. तुमचे सगळे मासे तेव्हाच देता आले असते. पुढचे दोन रविवार... माशांसाठी नव्हते."

मी डब्याचं झाकण उगाच पुसत राहिले.

"रागावलात?"

"पिवळा मलाही दिसला होता."

"मग बोलला का नाहीत?"

"तू का नाही बोललास?"

तू — हे तोंडातून निसटलं. मग तो हसला. "उरलेले आठ मी स्वतः घेऊन येतो. तुझ्या बाबांना विचारायचंय, त्यांना जावई चालेल का... जरा कुबट वासाचा."

बाबांनी त्याला टाकीसमोर बसवून पाच लुच्या, मैद्याच्या पुऱ्या, वाढल्या. तेच उत्तर. त्या दिवशी फिल्टरमागचा तो एकटा मासा कुठला, हे मला शोधूनही सापडलं नाही. सगळे एकदम वळत होते.

आता संध्याकाळी तितिर काचेला नाक लावते आणि मी मोजते. सौगत चिडवतो, "पोरगी एकच आहे गं, तिलाही दोनदा मोजतेस." मोजते. हसा हवं तर.

पण एक कराल? रोज दिसणारं कुणीतरी तुम्हाला गेले काही दिवस दिसलेलं नाही... हे वाचताना ज्याचं नाव मनात आलं, तेच. फोन करू नका, फोनवर सगळे ठीकच असतात. त्याच्या दारापर्यंत जाऊन या. आजच.