अर्धा राहिलेला डाव

"बोट गेली," चिमी म्हणाली.

जिन्याखाली धुळीत खोक्याचा चौकोनी ठसा तेवढा उरला होता.

"बुडाली वाटतं," मामेभाऊ गुंड्या बोलून गेला आणि त्यानं जीभ चावली. या घरात आता असले विनोद चालत नव्हते. चिमीचा धाकटा भाऊ थंडीत तापानं गेला होता, आणि बोट त्याची होती. मागच्या सुट्टीत सगळ्यांनी मिळून बांधलेली. पुठ्ठ्याचं खोकं, वल्ह्याला स्वयंपाकघरातला डाव, बटणांचे प्रवासी, रिळांची चाकं. "बोटीला चाकं कशाला रे?" असं विचारलं की तो म्हणायचा, "मध्येच जमीन लागली तर?" कप्तान म्हणजे त्यानं ओढ्यातून आणलेला चपटा गोटा. खाटेखालच्या बेटावर पोचायच्या आतच सुट्टी संपली होती. यंदा बोट पोचवायचीच, म्हणून गुंड्या आणि त्याची बहीण बडबडी आले होते.

"भंगारात दिली असेल," बडबडी म्हणाली. "आमची आई तर मलाही देईल."

जेवताना मात्र तिचे डोळे वाढायच्या डावावर खिळले. तिनं चिमीला कोपरानं ढोसलं. चिमीची आई भाजी वाढत होती, त्या डावाच्या दांड्यावर खिळ्यानं कोरलेला 'व' होता. वल्ह्याचा 'व'!

मग शोध सोपा झाला. प्रवासी बाबांच्या सदऱ्यावर ओळीनं बसले होते. चाकं शिवणाच्या डब्यात होती. खोक्यात कांदे होते.

"आईनंच केलंय," चिमी हळूच म्हणाली. खेळ झाला की सगळं जागच्या जागी, हे आईचं रोजचं वाक्य. तिनं तसंच केलं होतं. फक्त खेळ झालाच नव्हता.

"आणि कप्तान?" गुंड्यानं विचारलं. "गोट्याची घरात जागा कुठली?"

कप्तानाशिवाय बोट निघत नाही, हा धाकट्याचाच नियम होता.

आई केर भरायला वाकली. तिच्या गाऊनचा खिसा खुर्चीला लागला. टक्.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. बडबडीनं मुद्दाम एक रीळ कपाटाखाली ढकललं. "आत्या, माझा हात पोचत नाही गं."

आई पुन्हा वाकली. टक्.

"आई," चिमीनं विचारलं, "कप्तान तुझ्याकडे आहे ना?"

आई तशीच खाली बसली. खिशातून गोटा काढला. हाताळून हाताळून तो तुकतुकीत झाला होता.

"बाकी सगळ्याला जागा होती गं," ती म्हणाली. "ह्याला कुठं ठेवायचं, तेच कळेना."

गुंड्यानं गुपचूप कांदे टोपलीत ओतले आणि खोकं आणून ठेवलं.

बाबा दारात उभे होते. "पोरं हुशार निघाली," असं म्हणत त्यांनी सदऱ्याचं वरचं बटण तोडलं आणि खोक्यात टाकलं. "एक प्रवासी."

आईनं कप्तानाला पुढे बसवलं आणि डाव हातात घेतला.

"बेट कुठंय?" तिनं विचारलं.

"खाटेखाली," चिमी म्हणाली. "वाकावं लागतं."

बोट पोचली. त्या रात्री कुणीच काही जागच्या जागी ठेवलं नाही.